कपाशीच्या एका फुलीवर (लावणीच्या जागेवर) दोन बिया : सोळात एकच नांगी (रिकामी राहिलेली फुली), हे गणित वावरात टिकतं का?

यावल, ठिबकवाला : पाकिटावर उगवण किमान ७५ टक्के छापलेली असते. म्हणजे एक बी फसण्याची संभाव्यता १/४. एका भोकात दोन टोबल्या (टाकल्या) तर दोन्ही फसण्याची १/४ × १/४ = १/१६; निदान एक उगवण्याची १ − १/१६ = १५/१६. चार बाय दोन फुटांवर एकरी ५,४४५ फुल्या बसतात. एकेरीत साधारण १,३६० नांग्या, दुहेरीत ३४०. एकच बी टाका म्हणणारे बियाण्याचा खर्च मोजतात, नांग्यांचा मोजत नाहीत.

शिंदखेडा, कोरडवाहू : दादा, ते ७५ टक्के प्रयोगशाळेतले. आमच्याकडे लावणीनंतर जोराचा पाऊस झाला आणि वर मातीची कडक पपडी धरली की एका भोकातल्या दोन्ही बिया सोबतच गुदमरतात. एक फसली म्हटल्यावर दुसरीची शक्यता ७५ राहतेच कुठे? मग १/४ ला १/४ ने गुणायचं कशाच्या जोरावर? शिवाय तुमच्याच हिशोबाने ९/१६, म्हणजे तीन हजारांवर फुल्यांत दोन्ही उगवणार आणि विरळणीत एक उपटून फेकायची. विकतचं बियाणं आहे ते! एकच टोबा, पिशव्यांत थोडी रोपं करा, नांग्या भरा.

अमळनेर, गणित शिक्षक : आक्षेप बरोबर आहे, पण तो गुणाकारावर आहे, वजाबाकीवर नाही. ‘निदान एक उगवली’ची पूरक घटना ‘एकही नाही’. पपडी धरो न धरो, दोघींच्या संभाव्यतांची बेरीज १ च. (दहावीची मुलं ‘दोन्ही उगवल्या’ची पूरक घटना ‘दोन्ही फसल्या’ लिहितात. मधल्या, एकच उगवलेल्या ६/१६ फुल्या गेल्या कुठे?) पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांची १६५४ ची पत्रं फाशांच्या पैजांवर होती. चार फेकींत निदान एक सहा पडण्याची संभाव्यता १ − (५/६)^४ = ६७१/१२९६. तिथे गुणाकार चालतो, कारण फेकी स्वतंत्र असतात. एका भोकातल्या बिया तशा नसतात.

यावल : उगवण ६० टक्केच धरा. एकेरीत शंभरात ४० फुल्या रिकाम्या, दुहेरीत १६. आणि नांगीत लावलेलं रोप शेजारच्या झाडांखाली दबतं.

शिंदखेडा : ते १६ सुद्धा गुणाकारानेच काढले ना? पपडी वावरभर धरते. तेव्हा दुबार पेरणी ठरलेली, आणि बियाणं दुप्पट बुडतं.

चोपडा : भाऊ, उलटंही होतं. दोन कोंब मिळून जोर लावतात तेव्हा एकट्याला न फुटणारी पपडी फुटते. बिया एकमेकींशी बांधलेल्या आहेत म्हणता, तर हेही हिशोबात धरा. पपडी हलकी असेल तर मी दोनच टोबेन.