१९९९ साली युरोपात नंबर वन कोण होतं? नवऱ्याशी पैज लागली आहे

शिवडी_हार्बर:

मंडळी, मदत हवी आहे. डिसेंबरात आमच्या कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. माटुंग्यात हॉल घेतलाय आणि गाण्यांचं खातं माझ्या गळ्यात पडलंय. आम्ही टीवायला होतो ते वर्ष १९९९, म्हणून त्याच वर्षाची इंग्रजी गाणी वाजवायची ठरली. अमेरिकेची यादी दुसऱ्या टोळक्याने आधीच उचलली, आमच्या वाट्याला युरोप आला.

नवरा माझ्याच वर्गातला. तो छातीठोकपणे सांगतोय की ते वर्षभर व्हेंगाबॉइजच एक नंबरला होते. मी म्हणते ब्रिटनी. नेटवर पाहायला गेले तर इंग्लंडची यादी वेगळी, जर्मनीची वेगळी आणि फ्रान्सची तर भलतीच. मग अख्ख्या युरोपाचा एक नंबर असा काही प्रकार असतो तरी का? आणि अल्बमचं वेगळं मोजतात का? पैज महिनाभर भांडी घासण्याची आहे, तेव्हा जरा नीट सांगा.

दादर_पश्चिम:

वर्षभर व्हेंगाबॉइज? वहिनी, भाऊजींना आजच घासणी आणून द्या. ब्रिटनमध्ये त्यांची त्या वर्षी दोन गाणी एक नंबरला गेली, जूनमध्ये 'बूम बूम बूम बूम' आणि सप्टेंबरात 'वुई आर गोइंग टू इबिझा'. दोन्ही एकेकच आठवडा टिकली. पण आपल्याकडे सोसायटीच्या थर्टी फर्स्टला रात्रभर तेच वाजायचं, त्यामुळे भाऊजींचंही फार चुकलं नाही.

बाकी कोरी_कॅसेट काका सांगतील. काका, आहात ना?

कोरी_कॅसेट:

आहे, आहे. दुकानाचं शटर कधीच उतरलं, डोक्यातल्या याद्या काही उतरत नाहीत.

नवीन मंडळींसाठी सांगतो, ठाकुरद्वारच्या बाजूला आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं, टीडीकेची नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आमच्याकडूनच घ्यायचं आणि शनिवारी भरलेली घेऊन जायचं. हे कायद्यात बसायचं का, ते विचारू नका. परदेशी मासिकं जुनी होऊन फोर्टच्या फुटपाथवर यायची, त्यातल्या याद्या मी कापून काउंटरच्या काचेखाली लावायचो. म्हणून हे सगळं पाठ.

ताई, युरोपाचा एक नंबर खरंच होता. ॲमस्टरडॅमहून एक साप्ताहिक निघायचं, आधी युरोटिपशीट आणि नंतर म्युझिक अँड मीडिया या नावाचं. १९८४ पासून ते युरोपातल्या शंभर गाण्यांची यादी छापायचं. पुढे ती यादी बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाने चालवली आणि २०१० च्या डिसेंबरात ती बंद पडली. पण युरोपभर दुकानोदुकानी कुणी मोजत फिरत नव्हतं. प्रत्येक देश आपापली यादी करायचा, मग त्या सगळ्या एकत्र करायच्या आणि जिथे धंदा मोठा तिथल्या यादीला वजन जास्त द्यायचं. म्हणजे जर्मनी, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी उचललं की गाणं वर. पोर्तुगालात नुसता धुमाकूळ घालून भागायचं नाही.

त्या हिशेबाने १९९९ ची मोठी नावं अशी: वर्षाच्या सुरुवातीला शेर या अमेरिकन गायिकेचं 'बिलिव्ह', जे आदल्या वर्षापासूनच ठाण मांडून होतं. मग ब्रिटनीचं 'बेबी वन मोअर टाइम'. पावसाळ्याच्या सुमाराला लू बेगाचं 'मॅम्बो नंबर फाइव्ह' आणि दिवाळीच्या आगेमागे आयफेल सिक्स्टी फाइव्हचं 'ब्लू'. वर्षभर कुणीच नाही. पण ब्रिटनमध्ये त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी सीडी किंवा कॅसेट, ब्रिटनीचंच होतं, तेव्हा माझ्या मते पैज तुम्ही जिंकलात.

आता याद्या इतक्या वेगळ्या का, ते. ब्रिटनमध्ये कंपन्या गाणं आधी काही आठवडे रेडिओवर वाजवून लोकांना तापवायच्या, मग सोमवारी सिंगल दुकानात आणायच्या आणि पहिल्या आठवड्यात किंमत पाडून विकायच्या. रविवारी संध्याकाळी बीबीसी रेडिओ वनवर यादी जाहीर झाली की गाणं थेट एक नंबरला, पुढच्या रविवारी दुसरंच कुणीतरी. फ्रान्समध्ये उलटं. तिथे गाणं एकदा वर बसलं की हलायचं नाव नाही. 'मॅम्बो नंबर फाइव्ह' ब्रिटनमध्ये २ आठवडे एक नंबरला होतं, फ्रान्समध्ये २०. गाणं तेच, वर्ष तेच. म्हणून कुणी "एक नंबरचं गाणं" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या देशात आणि किती आठवडे?

त्या सप्टेंबरातली ब्रिटनची यादी मला फार आवडते. आधी लू बेगा, तो म्युनिकचा, वडील युगांडाचे आणि आई इटलीची. त्याला हटवून व्हेंगाबॉइज, हॉलंडचे. त्यांना हटवून आयफेल, इटलीतल्या तुरीनचे. इंग्रजांच्या यादीत इंग्रज कुठेच नाही! त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये एका फ्रेंच माणसाने, मिस्टर ओइझोने, 'फ्लॅट बीट' वर नेलं होतं. त्यात धड गाणंही नाही, नुसता घुर्र घुर्र ठोका. जीन्सच्या जाहिरातीतला पिवळा बाहुला त्यावर मान हलवायचा, एवढंच भांडवल. आणि ब्रिटनी अमेरिकेची असली तरी ते गाणं लिहिलं मॅक्स मार्टिन या स्वीडिश माणसाने, रेकॉर्डही स्टॉकहोमच्या चेरॉन स्टुडिओत झालं. बॅकस्ट्रीट बॉइजचं 'आय वाँट इट दॅट वे' त्याच कारखान्यातलं. तेव्हा दुसऱ्या टोळक्याने अमेरिकन म्हणून ही दोन उचलली असतील तर खुशाल भांडा.

'बिलिव्ह'ची एक गंमत. त्यात शेरचा आवाज मध्येच यंत्रासारखा तुटतो, ती ऑटोट्यून नावाच्या सॉफ्टवेअरची करामत. सूर दुरुस्त करायचं यंत्र यांनी मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं. आमची गिऱ्हाइकं भरलेली कॅसेट परत आणायची, "अहो, आवाज फाटतोय, हेड पुसा जरा." मी त्यांच्यादेखत कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून हेड पुसायचो, पुन्हा लावायचो, पुन्हा तसंच. शेवटी मूळ सीडी लावून दाखवायला लागायची. एका काकूंचा तरीही विश्वास बसला नाही.

अल्बमचं विचारलंत. हो, अल्बमची यादी वेगळी असते आणि तिचा चेहराच वेगळा असतो. सिंगल घेणार शाळकरी पोरं, खाऊच्या पैशातून. अल्बम घेणार नोकरदार माणूस, घरी शांतपणे ऐकायला. म्हणून १९९९ च्या ब्रिटनमध्ये सिंगलच्या यादीत नाच चाललाय आणि अल्बमच्या यादीत शनाया ट्वेनचं 'कम ऑन ओव्हर' ११ आठवडे वर. तो अल्बम मुळात १९९७ चा, त्यातलं गावरान कंट्री कमी करून परदेशांसाठी पुन्हा वाजवलेला. वर्षाचा सगळ्यात खपाचा अल्बम तोच. ब्रिटनीचा अल्बम तिथे दोन नंबरच्या वर गेलाच नाही. आणि ॲबा या स्वीडिश बँडचं 'गोल्ड', १९९२ चं संकलन, ते ९९ साली पुन्हा एक नंबरला, कारण एप्रिलमध्ये लंडनला त्यांच्याच गाण्यांवर बेतलेलं 'मामा मिया' नाटक लागलं. गाणी माहितीची असली की लोक पाकीट उघडतात, आपल्याकडच्या नाट्यसंगीतासारखंच.

आता आपलं. भारतात सिंगल विकत मिळतच नव्हतं हो. 'ब्लू' हवं तर 'युरोपॉप' ही अख्खी कॅसेट घ्या, शंभराच्या वर पैसे मोजा आणि बाकीची गाणी गोड मानून घ्या. कॉलेजच्या पोराला ते कुठून परवडणार? म्हणून तर आमच्यासारखी दुकानं चालली. मुंबईतली यादी ठरायची ती एमटीव्ही आणि चॅनल व्हीवर काय दिसतंय आणि कंपनीने कुठली कॅसेट इथे छापली त्यावर. खासगी एफएम स्टेशनं इथे आली २००२ मध्ये. फ्रान्समध्ये 'बेल' नावाचं गाणं १९९८ साली आठवडेच्या आठवडे वर होतं, 'नोत्र दाम द पारी' या संगीतिकेतलं. तिघे पुरुष एकाच बाईवर जीव टाकतात, असं जबरदस्त गाणं. माझ्या काउंटरवर ते कुणीही, कधीही मागितलं नाही.

परळचा_बँजो:

काका, तुम्ही काचेखाली लावायचात, आम्ही रस्त्यावर वाजवायचो. आमच्या बँजो पार्टीत 'ब्लू' पुढच्या वर्षीच्या विसर्जनाला बसवलं होतं. शब्दांची गरजच नाही, कीबोर्डवर ती सुरुवातीची धून घेतली की पोरं अंगात आल्यासारखी उड्या मारायची. कच्छी बाजा लावून ठोका थोडा चढवला की झालं. 'मॅम्बो' मात्र आम्हाला कधी जमलं नाही. त्यातली खरी मजा ट्रम्पेटची, ती बँजोवर पोकळ वाटते. लग्नाचा ब्रास बँड ते बरोबर उचलायचा.

कोरी_कॅसेट:

बरोबर पकडलंत. ती ट्रम्पेटची धून लू बेगाची नाहीच, क्यूबाच्या पेरेझ प्रादोची आहे, १९४९ ची, आणि त्याच्यात बोल नव्हते. बाईमाणसांच्या नावांची ती लांबण लू बेगाने लावली.

नखरेल_माटुंगा:

या सगळ्यात आपलं कुणीच नाही का? काहीतरी देशी घुसवा ना.

दादर_पश्चिम:

एक आहे, पण वर्षभर आधीचं. फेब्रुवारी १९९८, 'ब्रिमफुल ऑफ आशा', कॉर्नरशॉप नावाचा बँड, ब्रिटनमध्ये एक आठवडा एक नंबरला. आशा म्हणजे आपल्या आशा भोसलेच. गाण्यात लताबाईंचं आणि रफीसाहेबांचंही नाव येतं. मूळ गाणं संथ आहे, वर गेलं ते नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, वेग वाढवून केलेलं रिमिक्स. वाजवणार असाल तर तेच घ्या, मूळचं लावलंत तर लोक जेवायला उठतील.

शिवडी_हार्बर:

काका, दंडवत! यादी ठरली: बिलिव्ह, बेबी वन मोअर टाइम, फ्लॅट बीट (हे फक्त एक मिनिट), आय वाँट इट दॅट वे, मॅम्बो, ब्लू, आणि नखरेल_माटुंगाच्या आग्रहाखातर आशाबाई, वर्षाचा नियम मोडून. जेवताना ॲबा. हॉलवाले बरोबर दहाला स्पीकर बंद करतात, त्यामुळे नाचाची गाणी आधीच उरकायची आहेत. नवऱ्याने धागा वाचला. त्याची एकच अट, इबिझा वाजलंच पाहिजे.

कोरी_कॅसेट:

वाजवा की. पण त्यांना सांगा, ते मुळात व्हेंगाबॉइजचं नाहीच. टिपिकली ट्रॉपिकल नावाच्या जोडीचं 'बार्बाडोस', १९७५ सालचं, आणि तेव्हा तेही ब्रिटनमध्ये एक नंबरलाच गेलं होतं. चाल तीच, बेट फक्त बदललं. गेट-टुगेदरला तुमचे कुणी जुने प्रोफेसर येणार असतील तर दोन्ही पाठोपाठ लावा, पहिलं त्यांच्यासाठी.