एकदाच झालं तर 'छळ' म्हणायचं का?

गवतीचहा: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामातल्या हिंसा आणि हॅरासमेंटविरुद्धचा २०१९ चा करार क्रमांक १९० भारताने मंजूर करावा, या मागणीचं युनियनचं पत्रक मराठीत करायचं आहे. अडलंय 'हॅरासमेंट'वर. 'छळ' लिहिलं तर पहिल्याच कलमाशी बसत नाही, कारण तिथे प्रकार एकदाच घडला तरी पुरे. मराठीत छळ दिवसेंदिवस चालतो.

आडवाटेने: कामाच्या ठिकाणी बायकांच्या संरक्षणाच्या आपल्या २०१३ च्या कायद्यात 'लैंगिक छळ'च आहे आणि एका प्रसंगावरही तक्रार होते. मुदत तीन महिने, घटनेपासून. प्रसंग अनेक असतील तर शेवटच्यापासून. छळच ठेवा. अर्ज लिहिणारी बाई पत्रकातला शब्द उचलते, तो कायद्यातलाच असू द्या.

रुईचंपान: संस्कृत छल म्हणजे कपट, हिंदीत अजूनही तेच. नेमका शब्द 'उत्पीडन'.

गवतीचहा: पाळी सुटताना गेटवर हातात पडणारा कागद आहे हा. तिथे उत्पीडन कोण वाचणार? आणि मूळ अर्थ कपट असला म्हणून मराठीतला छळ चुकीचा कसा?

तिखटमीठ: मला 'जाच' हवा. छळ म्हटलं की हल्ली लैंगिकच आठवतं. मुकादम लघवीला जाऊ देत नाही, मुद्दाम रजा अडवतो, ओव्हरटाइम लावत नाही, हा जाच. करारात आर्थिक नुकसानही धरलंय.

आडवाटेने: जाचात शिवी बसेल, एकदाच उगारलेला हात बसणार नाही. अडचण होती तिथेच राहिली. 'छेडछाड' मात्र कुठेही नको, गुन्ह्याची खोडी होते.

रुईचंपान: त्या कायद्याखाली तक्रार ऐकणाऱ्या समितीला 'अंतर्गत तक्रार समिती'ही लिहू नका. २०१६ च्या दुरुस्तीनंतर नुसती 'अंतर्गत समिती'.

तिखटमीठ: तिची रचनाही छापा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ती हवीच: अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकामगार बायकांनाही तीच, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही.

गवतीचहा: घरकामगारांची चौकट घालते. पण मग मथळ्यातलं 'कामाच्या ठिकाणी'ही अपुरं पडतं. करारात घरून कामावर येण्याजाण्याची वाट आहे, विश्रांतीची जागा, संडास आहेत, फोनवरचे मेसेजही आहेत.

रुईचंपान: 'कार्यविश्व'?

तिखटमीठ: नको हो. 'कामावर, कामाच्या वाटेवर' लिहा.

आडवाटेने: मग रात्री घरी आलेला मेसेज कुठे बसवाल?