एकट्यानं विमान घेऊन रेकॉर्ड करायचा म्हणजे धाडस की घरच्यांच्या जीवाला घोर?

सांब्राकर:
काल घरात मोठा वाद झाला. भाचा एरोनॉटिकलला आहे आणि त्याच्या डोक्यात एकच, किट आणून स्वतः विमान बांधायचं आणि एकट्यानं लांब पल्ल्याचा रेकॉर्ड करायचा. दाजी म्हणाले आधी नोकरी बघ. मी भाच्याच्या बाजूनं. लोकांना वाटतंय असले लोक डोकं फिरलेले असतात, पण बघायला गेलं तर हे पक्के हिशेबी असतात ओ. अमेरिकेचा स्टीव्ह फॉसेट 2005 ला ग्लोबलफ्लायर नावाचं विमान घेऊन एकटा, कुठं न उतरता, 67 तासात जगाला फेरी मारून आला. निघताना विमानाच्या वजनातलं 80 टक्क्यांच्या वर नुसतं इंधन, म्हणजे विमान कसलं, पंख लावलेली टाकीच. त्यात सुरुवातीलाच टाकीच्या व्हेंटमधनं, म्हणजे हवा जायच्या नळीतनं, हजार किलोच्या वर इंधन गळून गेलं, तरी गडी घाबरला नाही, मागनं वारा किती मिळतोय त्याचा हिशेब घालत हवाईपर्यंत गेला आणि मग ठरवलं की पुढं जायचं. ह्याला जुगार म्हणायचं काय?

खडेबाजार_कट्टा:
आणि तोच फॉसेट 2007 ला नेवाडातनं साधं छोटं विमान घेऊन निघाला तो परत आलाच नाही, अवशेष वर्षभरानं डोंगरात सापडले, ते बरं लिहिलं नाहीस?

सांब्राकर:
अरे ते विमान फॅक्टरीतलं होतं आणि रेकॉर्डचा विषयच नव्हता. तू माझाच मुद्दा मांडायलायस.

खडेबाजार_कट्टा:
मुद्दा तुझा नाही, माझाच आहे. जो परत येतो तेवढाच आपल्याला दिसतो. लिंडबर्ग नावाचा अमेरिकन पायलट मे 1927 ला एकटा, कुठं न थांबता न्यूयॉर्क ते पॅरिस साडेतेहतीस तासात गेला, त्यावर बक्षीस लावलेलं, सगळ्या जगानं डोक्यावर घेतलं. त्याच बक्षिसासाठी आदल्या वर्षी फाँक नावाच्या फ्रेंच पायलटचं विमान वजन झेपलं नाही म्हणून टेकऑफलाच पेटलं, त्याच्याबरोबरचे दोघं गेले. लिंडबर्गच्या आधी दोन आठवडे पण झाले नव्हते, नंजेसर आणि कोली पॅरिसहून उडाले ते कुठं गेले अजून पत्ता नाही. त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? बरं तेव्हा त्यातनं काही शिकायला तरी मिळत होतं. आता मुंबईहून लोक रात्री जेवून बसतात आणि पंधरा-सोळा तासात न्यूयॉर्कला उतरतात. मग एकट्यानं जाऊन नवीन काय सिद्ध करायचं? आणि समुद्रात पडलास तर शोधायला जाणाऱ्याच्या जीवाचं काय?

चोर्ला_रिटर्न:
आधी जुलैमध्ये चोर्ला घाट टू व्हीलरवर एकट्यानं पार करून दाखवा म्हणावं, मग अटलांटिक 😂

उद्यमबाग_फिटर:
मी दोघांच्या पण बाजूनं नाही. एवढं बोलायलाय पण मशीनवर कोणच बोलेना म्हणून लिहितोय. अमेरिकेतला एक नावाजलेला गायक 1997 ला लाँग-ईझी नावाचं घरी बांधायचं छोटं विमान घेऊन कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडला. डिझाइन बर्ट रुटानचं, लांब पल्ल्यासाठी नाव असलेलं, त्यात खोट नाही. पण टाकी बदलायचा व्हॉल्व्ह मूळ ड्रॉइंगमध्ये पायलटच्या दोन पायांच्या मध्ये, आणि ज्यानं हे विमान बांधलं त्यानं तो डाव्या खांद्याच्या मागं बसवला. म्हणजे एक टाकी संपली की उजव्या हातातली स्टिक, म्हणजे विमान चालवायची दांडी, सोडायची, मागं वळायचं आणि चाचपडायचं. उडायच्या आधी वाईस ग्रिप लावून हँडल लांब होतंय काय बघितलं म्हणे, तरी हात पोचेना. आणि टाकीत इंधन पण कमीच. तपासात आलं की वळताना उजव्या रडरवर, म्हणजे विमान वळवायच्या पेडलवर, पाय दाबला गेला असणार आणि विमान ताब्यातनं गेलं. आमच्या शॉपमध्ये लेथचा इमर्जन्सी स्विच ऑपरेटरच्या पाठीमागं बसवला तर पोरगं पण बोंबलेल. माझा प्रश्न सरळ आहे, भाच्यानं केलेलं काम दुसरं कोण तपासणार?

टिळकवाडीची_मावशी:
आरोही पंडितचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? 2019 ला कारपेक्षा हलकं विमान घेऊन स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड करत एकटीनं अटलांटिक पार केला, तेवीस वर्षांची मुलगी. मुलगी आपली मुंबईची, म्हणून जास्तच कौतुक. पण तिचं विमान कंपनीनं बनवलेलं आणि खाली अख्खी टीम हवामान बघत बसलेली, स्वतः बांधलेलं विमान नाही ते. फिटर भाऊंचं मला पटतंय. आणि खरं सांगू, सांब्र्याच्या विमानतळाकडनं ट्रेनिंगची विमानं घरावरनं घिरट्या घालतात ना, आवाज जरा बदलला की माझा हात पोळपाटावरच थांबतो. माझं तर कोण नाही त्यात.

खडेबाजार_कट्टा:
कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतात? 2017 ला कुठं रजिस्ट्रेशन मिळालं, तोवर किती वर्षं गेली. भाच्याचं लग्न तरी होईल काय त्याच्या आधी?

सांब्राकर:
लग्नाचं सोड. 1930 च्या आगाखान स्पर्धेत जेआरडी आणि अस्पी इंजिनिअर दोघं पण एकटेच उडत होते, एक इकडनं इंग्लंडला, एक तिकडनं इकडं. इजिप्तमध्ये अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकलेला, जेआरडीनं आपल्याकडचे दिले, आणि जिंकला अस्पी. एकटं उडायचं म्हणजे एकट्याचंच काम नसतंय एवढंच मला म्हणायचंय. बाकी फिटरचं भाच्याला वाचून दाखवलं. आधी म्हणाला मी कशाला व्हॉल्व्हची जागा बदलू. मग गप्प झाला. रात्री बघतो तर खुर्चीवर बसून डाव्या खांद्यामागं हात नेऊन बघायलाय. सकाळी म्हणाला मामा, मला त्यांच्या शॉपवर सोड.

उद्यमबाग_फिटर:
रविवारी दहाला ये, पॉवर कट नसला तर. वेल्डिंग करून देतो म्हणाला तर करू देणार नाही, नुसतं बघायचं. आणि दाजींना पण आण.

खडेबाजार_कट्टा:
मी पण येतो. मत बदललेलं नाही, शॉपच्या कोपऱ्यावरची भजी खायला येतोय.