कोस्टीअरिंग कोणी केलंय का? मदत हवी आहे

वेल्समधे पेम्ब्रोकशायरला जाणारोत, तिकडे कोस्टीअरिंग करायचा विचार चाललाय. म्हणजे गाईडसोबत खडकाळ किनाऱ्याने चढत-उतरत, मधेमधे पोहत जायचं आणि जमेल तिथे कड्यावरून पाण्यात उडी. वेटसूट, हेल्मेट, लाइफ जॅकेटसारखं बॉयन्सी एड तेच देतात, बूट मात्र आपले जुने, खराब झाले तरी चालतील असे घालायचे म्हणे.

माझं पोहणं स्विमिंग पूलपुरतंच, लाटांची सवय अजिबात नाही, आणि बायकोला तर उंचीची भीती वाटते पण यायचंय तिलाच जास्त! उडी न मारता बाजूने उतरून पुढे जाता येतं का, की तिथे उभं राहून सगळ्यांना थांबवून ठेवावं लागतं? आणि पाणी किती गार असतं हो, ऑगस्टमधेही १५-१६ डिग्रीच असतं असं वाचलं, वेटसूटमधे तेवढं सहन होतं का? चष्म्याचं काय करता तेही सांगा, माझा नंबर बराच आहे, लेन्स लावून खाऱ्या पाण्यात उडी मारायची हिंमत होत नाहीये. भरती-ओहोटी बघून वेळ ठरवतात म्हणून बुकिंग लवकर करायचंय, प्लीज लवकर सांगा.