जुळे सोलापुरात सोसायटीची सामाईक भाजीबाग: लावायची की नको?

भेंडीप्रेमी: अपार्टमेंटमागे दोन गाड्या लागतील एवढी जागा मोकळी पडून आहे. जूनपासून तिथं सगळ्यांनी मिळून भाजी लावावी, असं माझं ठाम मत. गवार, भेंडी, अंबाडी, कुंपणावर दोडका, कोपऱ्यात एक शेवगा. मेथीची एक पेंडी निवडायला आपल्याकडं चौघी बसतात, म्हणजे माणसं भरपूर आहेत!

बॅरलवाले काका: माझा विरोध. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, तेही काही दिवसांआड. उन्हाळ्यात पारा ४२च्या वर. आपण बॅरल भरून ठेवतो, त्यातलं भेंडीला पाजायचं?

भेंडीप्रेमी: म्हणूनच उन्हाळ्यात टोमॅटो नको म्हणतोय, त्या उन्हात फूलच गळतं. आपल्याकडं जास्त पाऊस सप्टेंबरात. तोवर गवार-भेंडी, मग ऑक्टोबरात मेथी, पालक, चाकवत. मेथी महिन्याभरात काढायला येते. पाण्यासाठी कुंभाराकडची रंग न दिलेली, पाझरणारी मडकी गळ्यापर्यंत पुरायची, भरून वर झाकण. पाणी हळूहळू मुळाशी जातं, उन्हानं उडत नाही. शिवाय तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी आहेच.

तिसरा मजला: फिल्टरमधून वाया जाणारं पाणीपण घालू की.

गावाकडं रान हाय: ते नको ओ! त्यात क्षार लई. काळ्या मातीत साठत गेलं की जमीन खराब होती, मग काय बी येत नाही. आणि नुसती काळी माती वाफ्यात भरू नका, वाळली की भेगा पडत्यात. शेणखत भरपूर मिसळा. निंबोळी पेंड बी टाका.

बॅरलवाले काका: पाण्याचं एक वेळ मानलं. माणसांचं काय? गेटजवळच्या कढीपत्त्याच्या काड्या उरल्यात नुसत्या! वांगं लिंबाएवढं झालं की कुणाच्या तरी कढईत जाणार, आणि मिटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाला मसाल्याचा वास येतो का बघणार.

पहिल्या मजल्यावरची ताई: तोडणी फक्त रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर. भाजी थोडीच निघाली तर वाटायची नाही, खालीच शिजवायची. भाकरी आणि शेंगाची चटणी घरोघरची.

बॅरलवाले काका: जेवायला येईन. पण मडकी भरायची पाळी कुणाची, ते आधी कागदावर लिहा. त्याशिवाय माझी सही नाही.

भेंडीप्रेमी: पहिला आठवडा माझा. दुसऱ्याला तुमचं नाव टाकलंय, काका.