फ्री थ्रोच्या लाईनवर गेलं की हात जड होतो, काय करू?

डावखुरी_गार्ड:
नमस्कार. इथे बरेच जण पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतलं व्यावसायिक बास्केटबॉल) बघणारे दिसतात म्हणून इथेच विचारते. मी नागपूरची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी. मागच्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमी होती. आम्ही एका पॉइंटने मागे, नऊ सेकंद बाकी. मी आत घुसले, फाऊल मिळाला, दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता लाईनवरून मारायचे, एकेका पॉइंटचे दोन शॉट. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला आपटून सरळ माझ्याच पायाशी आला. दुसरा रिंगलाही लागला नाही.

समोरच्या बेंचवरचं हसू ऐकू आलं. सर तेव्हा काही बोलले नाहीत. परतताना बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नाही तर आत जायचं कशाला?"

एकटी असले की अजूनही दहातले सात-आठ जातात. कोणी बघत असलं की तीन-चार. पण खरी अडचण वेगळीच आहे. मी आत घुसणंच सोडलंय. फाऊल मिळेल या भीतीने बॉल बाहेरच्या बाहेर फिरवत बसते. गार्ड आत जात नाही म्हटल्यावर समोरची पोरगी दोन पावलं मागे उभी राहून आरामात जांभई देऊ शकते.

मोठ्या खेळाडूंच्या मुलाखती बघून झाल्या. सगळे म्हणतात स्वतःवर विश्वास ठेवा. तो कुठे मिळतो ते कोणी सांगत नाही. प्रोफेशनल लोकांचं असं होतं का? झालं तर पुढे काय करतात? "पॉझिटिव्ह राहा" सोडून काहीही सांगा.

वऱ्हाडी_बॉलर:
मी तं म्हणतो खालून टाक. मजाक नाही करून राहिलो. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला एका मॅचमध्ये १०० पॉइंट मारले. त्यात फ्री थ्रो ३२ पैकी २८, अन् ते दोन्ही हातांनी बॉल धरून गुडघ्यांमधून वर टाकलेले. एरवी हा माणूस फ्री थ्रोमध्ये रडका. मग ही पद्धत सोडली का? तर लाज वाटे म्हणे, बायकी दिसते. सात फुटांच्या वर उंची, शंभर पॉइंट नावावर, अन् फिकर कशाची, तर लोक काय म्हणतील!

जुना_सेंटर:
वरच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण मॅचच्या तोंडावर शूट बदलू नकोस.

"आत घुसणंच सोडलंय" हे वाचलं आणि मला निक अँडरसन आठवला. ओर्लँडो मॅजिक हा संघ १९८९ मध्ये सुरू झाला तेव्हा ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्यांनी निवडलेला पहिला खेळाडू हाच. १९९५ चा मे महिना. शिकागोचा मायकेल जॉर्डन निवृत्तीतून परत आलेला, अंगावर नेहमीच्या २३ ऐवजी ४५ नंबर. ७ मेच्या सामन्यात शेवटच्या सेकंदांत अँडरसनने मागून येऊन जॉर्डनच्या हातातला बॉल उडवला आणि मॅजिक जिंकले. वर म्हणाला की हा ४५ वाला काही जुन्या २३ सारखा उसळत नाही. जॉर्डनने पुढच्याच सामन्याला २३ चढवला, तरी मालिका ओर्लँडोनेच घेतली. गडी हवेत होता.

बरोबर एक महिन्याने, ७ जूनला, ह्यूस्टनविरुद्ध फायनलचा पहिला सामना. मॅजिक ११०-१०७ ने पुढे, साडेदहा सेकंद बाकी, अँडरसन लाईनवर. एक गेला असता तरी खेळ खलास. पहिला चुकला. दुसरा चुकला. रिबाऊंड त्यालाच मिळाला, परत फाऊल, परत दोन. तेही चुकले. मग ह्यूस्टनच्या केनी स्मिथने थ्री (लांबून मारलेली तीन पॉइंटची बास्केट) मारून बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये त्यांच्याच ओलाजुवॉनने रिंगवरचा बॉल टिपून आत टाकला, ओर्लँडो हरले. मालिका ह्यूस्टनने ४-० घेतली.

आता यातलं लोक सहसा सांगत नाहीत ते सांगतो. त्या सीझनला त्याचे फ्री थ्रो ७० टक्क्यांच्या आसपास होते. पुढच्या सीझनलाही ६९. म्हणजे सगळ्यांना वाटलं असणार, चला, पचवलं पोरानं. आणि त्याच्या पुढच्या सीझनला ४०.४! मुका मार बसला की कसं दुसऱ्या दिवशी जास्त ठणकतं, तसलं काहीतरी. तेव्हा एक महिन्यानं हात जड होतोय याचं तुला नवल वाटत असेल तर वाटू देऊ नकोस. आणि तो संपलाही नाही. त्यानंतर आणखी काही वर्षं एनबीएत खेळला, २००२ पर्यंत.

दुसरं उदाहरण तुझ्या पिढीतलं, मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुंपो. २०२१ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याचे फ्री थ्रो साठ टक्क्यांच्याही खाली. लाईनवरची त्याची तयारी इतकी लांबलचक की बाहेरगावी अख्खं स्टेडियम मोठ्याने एक, दोन, तीन मोजायचं, कारण एनबीएत दहा सेकंदांची मर्यादा आहे. रिंगला न लागलेले थ्रोही झाले, तुझ्यासारखेच, फरक इतकाच की ते जगाने पाहिले. त्यात २९ जूनला अटलांटाविरुद्ध डावा गुडघा उलटा वाकला. तीन आठवड्यांनी, २० जुलैला, फायनलच्या सहाव्या सामन्यात ५० पॉइंट, फ्री थ्रो १९ पैकी १७. मिलवॉकीला ५० वर्षांनी विजेतेपद.

लोक १७ बघतात. मी १९ बघतो. एका सामन्यात १९ फ्री थ्रो बाहेर उभं राहून मिळत नाहीत. महिनाभर लोक तोंडावर मोजत होते तरी हा पठ्ठ्या रिंगकडे जायचा थांबला नाही.

माझं सांगतो, आता लाज वाटायचं वय गेलं. १९९३, जिल्ह्याची फायनल, मी एक फ्री थ्रो चुकवला. त्यानंतर दोन वर्षं फाऊल मिळाला की मी मुद्दाम लंगडायचो. दुखापतीने बाहेर गेलं की बदली खेळाडू येऊन थ्रो मारतो, नियमच आहे. मी बेंचवर बसून चांगला घोटा चोळत राहायचो. आमच्या सरांना कळलं होतं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. मग हळूहळू मी पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, बॉलच मागेना झालो, आणि मग खेळणंच सुटलं. तू त्याच वाटेवर आहेस म्हणून एवढं लिहितोय.

करायचं काय: एका जागी उभं राहून शंभर मारणं बंद कर, तुला ते येतंच. कोर्टची दोन टोकं जीव खाऊन दोनदा पळ, धाप लागलेली असताना फक्त दोन थ्रो मार. गेले-चुकले वहीत लिही आणि पुढच्या ड्रिलला लाग. मॅचमध्ये तुला दोनच मिळतात आणि तेही दम लागल्यावर. बघायला कोणीतरी उभं कर, धाकटा भाऊ असेल तर उत्तम, हसेल मनापासून. आणि यानिसची नक्कल नको. आपल्याकडे फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा) नियम, पाच सेकंद. दोन ड्रिबल, एक श्वास, शूट, एवढंच बसतं त्यात.

सॅन_होजेकर:
काका, एक दुरुस्ती. तो सहावा सामना मिलवॉकीतच होता, त्यामुळे त्या रात्री मोजणारं कोणी नव्हतं. ते आधीच्या सामन्यांत.

तुमच्या लंगडण्यावरून मात्र गोल्डन स्टेट वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन आठवला. १३ जून २०१९, टोरंटोविरुद्ध फायनलचा सहावा सामना. डंक मारायला उडाला, फाऊल, खाली येताना डाव्या गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटला. त्याला आत नेत होते. पण एनबीएत फाऊल झालेल्याने स्वतःचे थ्रो मारले नाहीत तर त्याला पुन्हा कोर्टवर येता येत नाही. हे कळल्यावर पठ्ठ्या बोगद्यातून परत फिरला आणि दोन्ही थ्रो मारले. दोन्ही गेले. मग बरा होत आला, तर नोव्हेंबर २०२० मध्ये उजव्या पायाची अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली. ९४१ दिवसांनी, ९ जानेवारी २०२२ ला, क्लीव्हलँडविरुद्ध परत उतरला. आम्ही घरी टीव्हीसमोर, बायको म्हणाली की पहिला थ्री जाऊ दे म्हणजे मी कांदा चिरायला उठते. थ्रीचा बादशहा, पण पहिली बास्केट केली ती आत घुसून.

डावखुरी, तुला उपयोगी पडेल असं आणखी एक. २०१८ च्या सीझनच्या सुरुवातीला त्याचे थ्री ३६ पैकी ५. पाच! पुढच्याच सामन्यात, २९ ऑक्टोबरला शिकागोविरुद्ध, १४ थ्री मारून विक्रम. तेवढंच ऐकलं तर गोष्ट फार गोड वाटते, म्हणून पुढचंही सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध थ्री आणि बाकीचे शॉट मिळून दहापैकी शून्य, आणि वॉरियर्सच्या जर्सीतला तोच त्याचा शेवटचा सामना. ३६ पैकी ५ च्या वेळी मारत राहिला तो माणूस आणि दहापैकी शून्यच्या रात्री मारत राहिला तो माणूस एकच. एका रात्री बॉल गेले, एका रात्री नाही.

डावखुरी_गार्ड:
सगळ्यांचे आभार. दहा दिवस करून बघितलं. भाऊ नाही, म्हणून चुलतबहिणीला उभं केलं. ती हसत नाही, मोबाईल बघते, ते जास्त लागतं. आमच्या कोर्टला जाळी नाही, त्यामुळे कधीकधी गेला की चुकला यावरून तिच्याशी वाद होतो. धाप लागलेली असताना पहिल्या दिवशी वीसपैकी सहा, काल अकरा.

आज सीनियर मुलींसोबत प्रॅक्टिस मॅच होती. दोनदा फाऊल मिळाला. पहिले दोन्ही गेले. तिसऱ्याच्या वेळी सर मागे येऊन उभे राहिले, तो चुकला. चौथा बोर्डला लागून आत गेला. बोर्डवर मारायचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

वऱ्हाडी_बॉलर:
गेला ना? मंग सांगायचं, ठरवूनच मारला.

जुना_सेंटर:
थ्रोचं राहू दे. आत किती वेळा गेलीस?

डावखुरी_गार्ड:
सात. त्यातल्या तीनदा बॉल काढून घेतला त्यांनी.

जुना_सेंटर:
डाव्या हाताने गेलीस का सातही वेळा? मग काढणारच. उद्या उजवीकडून जा.