प्रारूप विकास आराखड्यातून मैदानाचे आरक्षण उठले आहे. हरकत कशी मांडावी?

प्रश्न

आमच्या शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध झाला आहे. महापालिकेच्या जिन्यात लावलेल्या नकाशावर आमची वसाहत नखाएवढी दिसते. ज्या जागेवर जुन्या आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण होते, जिथे आजही मुले क्रिकेट खेळतात आणि नवरात्रात मंडप पडतो, ती जागा आता निवासी विभागाच्या पिवळ्या रंगात गेली आहे. दोनशे जणांच्या सह्यांचे एकच निवेदन द्यावे, की प्रत्येकाने स्वतंत्र हरकत नोंदवावी? आणि सुनावणीला काही वजन असते, की तो केवळ उपचार असतो?

उत्तर १ (निवृत्त नगररचना कर्मचारी)

निवेदन अवश्य द्यावे, पण त्यावर विसंबू नये. माझ्या अनुभवात दोनशे सह्यांचा कागद आवक नोंदवहीत एकच हरकत म्हणून चढतो. ‘मैदान वाचवा’ एवढेच लिहिलेल्या अर्जाचे समितीला काही करता येत नाही. सर्व्हे नंबर, जुना आरक्षण क्रमांक, क्षेत्रफळ आणि ‘निवासी वापर रद्द करून आरक्षण पूर्ववत करावे’ अशी एका वाक्यातली मागणी हवी. आराखड्याआधी विद्यमान भूवापर नकाशा तयार करावा लागतो, तो मागवून पाहा. त्यात ही जागा चुकीची दाखवलेली असेल, तर तुमची बाजू निम्मी तिथेच सिद्ध होते. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. हे सगळे उपचारच असते, तर 2015 मध्ये मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर हरकतींचा पाऊस पडल्यानंतर मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करण्यास सांगितले नसते.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु मुंबईचे उदाहरण थोडे दिशाभूल करणारे आहे, कारण तिथे वृत्तपत्रे, वास्तुरचनाकार आणि राजकीय पक्ष एकाच वेळी मागे लागले होते. एका वसाहतीच्या मैदानासाठी तसे कोणी धावत नाही. शिवाय आराखडा मंजूर झाला म्हणजे जागा वाचली असे नाही. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर याच अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. त्या टप्प्यावर शेजाऱ्यांना कोणी विचारत नाही! कलम 37 खाली मंजूर आराखड्यात होणाऱ्या फेरबदलात निदान सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. पण ती वर्तमानपत्रातली बारीक अक्षरांतली सूचना वाचतो कोण? आमच्या भागातील उद्यानाची जागा अशीच गेली आणि आम्हाला कळले ते पत्रे ठोकले गेल्यावर. तेव्हा आरक्षण परत मिळाले, तरी संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद झाली का, हे दरवर्षी पाहावे लागेल.

उत्तर ३ (गोवा)

आमच्याकडे ‘प्रादेशिक आराखडा 2011’ लोकांच्या आंदोलनामुळे 2007 च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला. पुढच्या, म्हणजे 2021 च्या, आराखड्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमले गेले आणि मसुदा पंचायतींकडे अभिप्रायासाठी गेला. आपल्या गावातला ओढा, खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल जमीन) आणि उतार ठाऊक असलेली माणसे नकाशासमोर बसली, तेव्हा चर्चा घोषणांची राहिली नाही, ती भूखंडांची झाली. मात्र पुढे, विशेषतः 2023 मध्ये गोव्याच्या नगररचना कायद्यात आलेल्या कलम 17(2) मुळे, एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट खुली झाली आणि तो वाद न्यायालयात गेला. दुसऱ्या उत्तरातली भीती म्हणूनच मला खरी वाटते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. विद्यमान भूवापर नकाशा आणि जुन्या आराखड्यातील आमच्या भागाची प्रत यांसाठी सोमवारी अर्ज देत आहे. एक शंका राहते: जुन्या आरक्षणाला दहा वर्षे केव्हाच उलटली आहेत; मालकाने आधीच नोटीस दिली होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारायचे, तर अर्ज नगररचना विभागाकडे करावा की मालमत्ता विभागाकडे?

उत्तर १

नगररचना विभागाकडे. अर्जात सर्व्हे नंबर आणि ‘कलम 127 अन्वये प्राप्त सूचना’ हे शब्द जसेच्या तसे लिहा.